हंड्यातला फोन

आमच्या घरमालकांचा टेलिफोन पितळेच्या हंड्यात राहायचा. ओसरीत एका चुंबळीवर तो हंडा आडवा ठेवलेला, तोंड गल्लीकडे, आणि आत काळा फोन, देव्हाऱ्यात देव बसवावा तसा बसवलेला. फोन जोडून देणाऱ्या माणसानं सांगून पाहिलं होतं म्हणे, की मालक, हा टेबलावर ठेवतात. त्यावर मालक म्हणाले होते, "टेबलावर ठेवला तं घरातल्याला ऐकू येईल. घरात असतंय कोन? आमी तं समदे भाईर." घंटी वाजली की ती हंड्यात अशी घुमायची की गल्लीच्या टोकाला दाढी करून घेणारा माणूससुद्धा मान वळवायचा.

माझी बायको सुनीता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिची बदली सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला झाली होती. मी एका खासगी विमान कंपनीत नवा को-पायलट, नेमणूक हैदराबादला. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. दोघांपैकी कुणालाच नोकरी सोडायची नव्हती, म्हणून बाजाराच्या मागच्या या घरात दोन खोल्या घेतल्या आणि मी येऊन-जाऊन राहू लागलो. गावात मोबाइलचा टॉवर यायला तेव्हा बराच अवकाश होता.

मालक उंच, हाडकुळे. अंगात सदरा, खाली धोतर आणि खांद्यावर बारा महिने घोंगडी. उन्हाळ्यात घोंगडीनं गरम होत नाही का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मेंढराला इचारा. ते तं काढतबी न्हाई." तरुणपणी त्यांनी मेंढरं राखलेली होती. एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या माणसाशी बोलायचा तो आवाज त्यांनी पुढं शेती केली, घर बांधलं, तरी सोडला नव्हता. फोनवर तर तो विशेष कामी यायचा. सेनगावला बोलायचं असेल तर ते बसून बोलत. हिंगोलीला बोलताना गुडघ्यावर येत. हैदराबादचा फोन असला की उभे राहून, एक हात तोंडाशी धरून बोलत. अंतर जास्त तर आवाज जास्त, हा त्यांचा हिशेब तारेनं काहीही केलं तरी बदलला नाही.

रिसिव्हर उचलण्याआधी ते पायातली चप्पल काढायचे आणि टोपी सारखी करायचे. समोरचा माणूस दिसत नाही म्हणून काय झालं, तो आलेला तर आहे ना! चुकून लागलेल्या फोनलासुद्धा हाच मान. रिसोडच्या एका माणसाला आपल्या साडूशी बोलायचं होतं आणि फोन सारखा आमच्या मालकांकडे लागत होता. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मालकांनी त्याची सगळी विचारपूस केली, पाऊस विचारला, पोरंबाळं विचारली आणि जेवायला बोलावलं. तो माणूस खरोखर आला, साडूला घेऊन.

त्यांची दुसरी सवय म्हणजे निरोप परत म्हणून घेणं. फोनवरून कुणाला निरोप दिला की ते म्हणत, "आता परत सांगा." समोरच्यानं शब्दाला शब्द परत सांगितला की "बराबर" म्हणून फोन ठेवत. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांना सांगितलं, की विमानातसुद्धा आम्ही असंच करतो, खालून सूचना आली की ती परत म्हणून दाखवतो. त्यांना जराही नवल वाटलं नाही. म्हणाले, "मंग? इमान हाय ते."

पण मी पायलट आहे यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. त्याचं कारण माझं घरी असणं.

महिन्यातले काही दिवस मला राखीव ठेवलं जाई. ज्याचं विमान ठरलेलं असतं तो पायलट आजारी पडला, अडकला, तर त्याच्या जागी उभं करायला कंपनीला माणूस लागतो, आणि नव्या माणसाच्या वाट्याला हे राखीवपण जास्त येतं. त्यातही दोन प्रकार होते. एकात हैदराबादला खोलीवर बॅग भरून बसायचं, फोन आला की तासाभरात विमानतळ गाठायचा. दुसरा प्रकार सैल होता. त्यात कुठंही राहा, पण आदल्या दिवशी दुपारपर्यंत ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टर ऑफिसमधून फोन येऊ शकतो, तो स्वतः घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. सापडला नाहीत तर गैरहजर. नव्या माणसाला असं गैरहजर राहणं परवडणारं नव्हतं. मी मागून मागून हा दुसरा प्रकार घ्यायचो आणि गोरेगावला यायचो. दिवसभर घरात. सुनीता शाळेत जायची आणि मी धुणं वाळत घालायचो.

एके दिवशी सकाळी मालक माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले. बराच वेळ घोंगडीचे धागे ओढत राहिले. मग, त्यांच्या मानानं हळू आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल एवढ्या, म्हणाले, "सायेब, नोकरीत काही तकलीफ हाय का?"

"नाही. का?"

"लोकं म्हनून राहिले, बाईच्या मालकाला काढून टाकलं. तसं आसंल तं सांगा. तुमच्या मोठ्या सायबाला भेटाया येतो मी. मी बोललो तं ऐकंल त्यो."

ऐकलं असतं, यात शंका नव्हती. मी त्यांना राखीव म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जीप स्टँडचा दाखला दिला. हिंगोलीच्या जीपा रांगेत उभ्या असतात, एखादी बिघडली की मागच्या जीपचा नंबर लागतो, तसं.

"म्हंजे दुसरा पायलट आजारी पडला की तुमचा नंबर."

"हो."

"आन कोनीच आजारी पडला न्हाई तं?"

"तर मी घरी."

"पन फोनाची वाट बघत."

"हो."

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग एकदम उठून उभे राहिले. "मंग हे इमान उडवायचं काम न्हाई, सायेब. फोनाजवळ बसायचं काम हाय हे. ते मी करतो. तुमी खुशाल हिंडा."

त्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप सोडली. रोस्टर ऑफिसचा नंबर ओसरीच्या भिंतीवर कोळशानं हातभर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. आणि पहिलाच फोन आला तेव्हा माझी नोकरी जवळजवळ घालवली.

मी नदीकडे पाय मोकळे करायला गेलो होतो. परत आलो तर मालक खुशीत. "हैद्राबादचा आला होता. उद्या या म्हने. मी म्हनलं जमत न्हाई."

"काय म्हणालात?"

"उद्या बाईचं डोहाळजेवन ठेवलंय आमच्या घरच्यांनी. तुमाला सांगायचं नव्हतं, गंमत होती. म्या सांगितलं, दुसरा पायलट बघा."

सुनीताला दिवस गेले होते, आणि मालकीणबाई, ज्यांना आम्ही मावशी म्हणायचो, तिचे लाड करायला टपलेल्या होत्या. मी तसाच हंड्याशी बसलो आणि हैदराबादला फोन लावला. रोस्टर ऑफिसमध्ये दुपारच्या पाळीला एक बाई असत. आवाजावरून करारी, जुन्या हैदराबादची बोली. माझं नाव ऐकताच म्हणाल्या, "आपके चाचा से बात हुई. मैंने ना नहीं लिखी, आपके फोन का इंतजार कर रही थी. और हाँ, उन्होंने मुझे भी बुलाया है जेवन को."

मी शंभरदा माफी मागितली, ड्यूटी कबूल केली आणि बॅग भरायला घेतली. मालक दारात उभे राहून बघत होते.

"म्हंजे न्हाई म्हनायचं न्हाईच?"

"राखीव माणसाला नाही म्हणता येत नाही."

"मंग इचारतात काहून?"

"विचारत नाहीत, मालक. कळवतात."

हे त्यांना फार लागलं. संध्याकाळपर्यंत ते कुणाशीच बोलले नाहीत, असं सुनीतानं नंतर सांगितलं. मी तोवर हिंगोली सोडली होती. डोहाळजेवण माझ्याशिवाय झालं, आणि माझ्या वाट्याच्या पुरणपोळ्या मालकांनी शिक्षा म्हणून स्वतः खाल्ल्या. शिक्षा कुणाला, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

पुढं मात्र कारभार इतका कडक झाला की विचारू नका. फोन आला की ते बाईंना थांबायला सांगत, बाहेर येऊन पळीनं हंड्यावर ठोके देत आणि गल्लीत हाक टाकत, "पायलटचा नंबर लागलाऽऽ!" शिंप्याचं दुकान ती हाक पुढं पाठवायचं, न्हावी तिच्यापुढं, तिथून ती पिठाच्या गिरणीपर्यंत जायची. मी कुठंही असलो तरी सापडायचो. अडचण एकच होती. मालकांना बाईंकडून गावाचं नाव आधीच काढून घ्यायची खोड, त्यामुळं हाकेबरोबर शहरही निघायचं. मी गिरणीवरून धावत सुटलो की वाटेत न्हावी म्हणायचा, "उद्या गोवा, सायेब." शिंपी म्हणायचा, "मद्रासला चाललात म्हनं." कोपऱ्यावरची आजी म्हणायची, "काशीला जाऊन राहिला तं गंगा आन माझ्यासाठी." मी धापा टाकत ओसरीवर पोचायचो तेव्हा बाई सांगायच्या, बेंगळूर. मालक मग उठून गल्लीभर फिरून प्रत्येकाला झापून यायचे, कारण कुणीच निरोप परत म्हणून घेतला नव्हता.

आणि बाईंशी त्यांचं जमलं. मालकांची दख्खनी हिंदी निम्मी मराठी होती, बाईंची हैदराबादी त्यांना घरच्यासारखी वाटायची. माझं काम एका वाक्याचं असे, कुठलं विमान, किती वाजता. ते ऐकून मी रिसिव्हर परत दिला की खरं बोलणं सुरू व्हायचं. "बेटी, पानी कैसा है उधर?" "खांसी हुई क्या? हळद लेव दूध में. बाजार की नको, मैं भेजतुं." बाईही त्यांना ऑफिसातलं सांगत असाव्यात, कारण मालक मला अधूनमधून बातम्या द्यायचे, की तुमच्या अमुक को-पायलटचा गुडघा दुखून राहिला, पुढच्या हप्त्यात तुमचा नंबर लागंल. लागायचा.

सुनीताचे दिवस भरायला तीन-चार आठवडे होते. पुढच्या रविवारी तिला माहेरी, परभणीला, पोचवायचं ठरलं होतं. तेवढ्यात माझा नंबर लागला. हैदराबादहून दिल्ली, तिथून पुढं जयपूर, आणि मुक्काम. मी गेलो.

दुसऱ्या दिवशी मी दिल्लीच्या वाटेवर हवेत होतो तेव्हा इकडं शाळेत, चौथीच्या वर्गात, तिला कळा सुरू झाल्या. पुढचं मी सुनीताकडून, मावशींकडून, जीपवाल्याकडून आणि खुद्द मालकांकडून इतक्यांदा ऐकलं आहे, की मीही तिथं होतो असं वाटतं. मालकांनी स्टँडवर जाऊन भरलेली जीप रिकामी करवली. बसलेल्या माणसांपैकी एकजण कुरकुरला, तर त्याला म्हणाले, "तू तं जन्मलास ना? उतर." मावशी आणि सुनीता मागं, मालक पुढं. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाळ आडवं आहे, ऑपरेशन करावं लागेल, नवऱ्याला कळवा.

मालक समोरच्या फोनच्या टपरीत गेले, टोपी सारखी केली, चप्पल काढली आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की नंबर भिंतीवर आहे. गोरेगावात. आपल्या ओसरीत.

त्यांनी स्वतःच्या घरी फोन लावला. घरात माणूस नव्हतं. पण हंडा होता. घंटी गल्लीभर घुमत राहिली, समोरची शिंपीण वैतागून शिवण टाकून आली आणि त्या कधीच कुलूप न लागणाऱ्या घरात शिरून तिनं फोन उचलला. मालकांनी तिला भिंत वाचायला लावली. मग परत वाचायला लावली. ती म्हणाली, "मामंजी, तुमच्याच हातचं हाय, पाच हाय का सहा ते तुमीच सांगा." टपरीवाला म्हणतो, तेवढ्यावरून म्हातारा रडायला आला होता. मालक हे कबूल करत नाहीत. पाच धरून लावला तो एका दर्जीच्या दुकानात लागला. तिथं त्यांनी, उभ्या आयुष्यात प्रथमच, विचारपूस न करता फोन ठेवला. सहा धरून लावला आणि बाई आल्या.

"बेटी, हमारे पायलट कू घर भेजो."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की साहेब आत्ता विमानात आहेत, विमान वर आहे.

"उतारो."

"चाचा, ऐसा नहीं होता."

मालकांनी टोपी पुन्हा सारखी केली. मग म्हणाले, "अच्छा. उतरंगा तब बोलना. उसके पैले बोलू नको. हात कापते आदमी के."

बाईंनी तसंच केलं. पण तोवर त्या बसून राहिल्या नाहीत. दिल्लीत राखीव बसलेल्या एका को-पायलटला त्यांनी फोन करून घरातून उठवलं, माझं पुढचं विमान त्याला दिलं आणि परतीच्या विमानात माझ्यासाठी प्रवाशाची जागा धरली. आम्ही उतरलो, इंजिनं बंद झाली, दार उघडलं आणि खालचा एक तरुण कर्मचारी वर आला. त्यानं माझं नाव विचारलं आणि पाठ केल्यासारखं हिंदीत म्हणाला, "पत्नी को हिंगोली के अस्पताल में लाया है. मौसी साथ में है. डॉक्टर अच्छी है. घबराना नहीं." मग जरा ओशाळून पुढं म्हणाला, "सर, बोला है आपसे दोहरवा लेना."

मी कॉकपिटच्या दारात उभा राहून तो निरोप परत म्हटला. तिसऱ्या वाक्यापाशी चुकलो. त्या पोरानं थांबून घेतलं आणि मी शेवटपर्यंत म्हटल्यावरच तो गेला.

माझ्या जागी आलेला को-पायलट मला जिन्याजवळ भेटला. घाईत सदऱ्याचं एक बटण राहिलेलं. त्यानं फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वर चढून गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

हैदराबादहून नांदेड, नांदेडहून एसटी. सकाळी वारंगा फाट्यावर गाडी चहाला थांबली. तोवर मला काहीच कळलेलं नव्हतं. दवाखान्याचा नंबर माझ्याकडे नव्हता आणि हंड्यातला फोन लागत नव्हता. मी खाली उतरून उभा होतो. पानटपरीवरचा एक अनोळखी माणूस माझ्या बॅगेकडं, मग माझ्याकडं बघू लागला. "गोरेगावचे पायलट तुमीच का?"

"हो."

"पोरगी झाली. दोघी बराबर हायत." आणि तो हसला. "रातच्यापासून पाच जणांला इचारलं म्या. हिंगोलीहून येनारा हरेक डायवर सांगून राहिला, की नांदेडकडून एक पायलट येईल, त्याला अडवून सांगा."

त्यानं चहा पाजला. एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारण्याआधी गाडीतल्या सगळ्यांना बातमी सांगितली. कळमनुरीला आणखी दोघांनी खिडकीत येऊन तीच बातमी दिली, आणि मी दोन्ही वेळेस ती नव्यानं ऐकली.

दवाखान्यात सुनीता झोपली होती, मावशी जाग्या होत्या, आणि बाळ घोंगडीच्या एका मऊ कोपऱ्यात गुंडाळलेलं. घोंगडीशिवाय मालकांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेले. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. रात्रभर स्टँडवर एकेका ड्रायव्हरला निरोप देऊन आवाज पार बसला होता. कुजबुजत म्हणाले, "त्यो दुसरा पायलट, तुमच्या जागी गेला त्यो. जेवला होता का न्हाई?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"इचारायचं होतं," ते म्हणाले.

पुढं गावात टॉवर आला, माझ्या खिशात मोबाइल आला. कंपनीकडं माझा नंबर होता. तरी दुपारच्या पाळीला बाई असल्या की फोन आधी हंड्यातच वाजायचा, आणि मला मोबाइलवर कळायच्या आत गल्लीत कळलेलं असायचं.

पोरीचा पहिला वाढदिवस झाल्यावर मालक म्हणाले, हैद्राबादला न्या मला. मला वाटलं विमान बघायचं असेल. मी तिकीट काढतो म्हणालो. "इमानात काय बघायचं? तुमी चालवता न्हवं. बाईला भेटायचं हाय." बरोबर घरची हळद, मावशींनी शिवलेली गोधडी आणि एक मोठा कोहळा घेतला. रात्रीच्या गाडीत तो कोहळा मी मांडीवर घेऊन बसलो होतो.

ऑफिसात निरोप पाठवला. आतून एक बारीकशी मुलगी ओढणी सावरत धावत आली. पंचविशीचीही नसेल. दोन वर्षं जिचा आवाज ऐकून मी सावधानमध्ये उभा राहायचो ती ही, हे कळायला मलाच वेळ लागला. ती मालकांसमोर येऊन थांबली. "चाचा?" म्हणाली.

मालकांनी मान हलवली. तीही गप्प झाली. मी काहीबाही बोललो. तिनं चहा मागवला. मालकांनी चहा प्यायला, पिशवी तिच्या पायाशी ठेवली, कोहळा वर ठेवला. तिनं वाकून सलाम केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो. एक शब्द बोलले नाहीत. टेकाडावरून टेकाडावर बोलणारा माणूस!

रिक्षात मी विचारलं, "मालक, बरं वाटत नाही का?"

"लई बारीक हाय हो ती," ते म्हणाले. "आवाजावरून मोठी बाई वाटली व्हती. आमच्या धाकलीएवढी हाय. किती डाफरलो म्या तिच्यावर. उतारो म्हनलं."

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. रस्त्याकडेला फोनची टपरी होती. मला नंबर लावायला सांगितला, मग मला बाहेर घालवून काचेचं दार ओढून घेतलं. चप्पल दाराबाहेर राहिली होती. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. आत ते उभे होते, एक हात तोंडाशी धरून, आणि ऑफिस त्याच रस्त्यावर असूनसुद्धा काच थरथरत होती.

"हौ बेटी, मैंच हूं. सामने जबान उठीच न्हाई. अब बोल, बैठी क्या? आरामसे बैठ. बहुत बातां हैं."

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.